सल्ला हवा: पायथनमधून काट्याची डीएलएल बोलावली की वजन भलतंच येऊन राहिलं, 5 हजारांत काय करू?

संत्रा_अडत · सोमवार, रात्री 11:40

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये बाबांची संत्र्याची अडत आहे. मृगाचा माल सुरू झाला आणि कॅरेट मोजून वहीत लिहिणं आता झेपत नाही, म्हणून मी पायथनमध्ये बिलिंगचा प्रोग्राम लिहिला. काटा जुना पण चांगला आहे. घेतला तेव्हा सोबत एक डीएलएल (काट्याशी बोलणाऱ्या तयार फंक्शनांची फाइल) आणि हेडर फाइल (त्या फंक्शनांची यादी) मिळाली होती, सोर्स कोड नाही, आणि विकणारा आता फोन उचलत नाही.

पहिले विनएरर 193 आला. डीएलएल 32 बिटची आणि माझा पायथन 64 बिटचा निघाला. मग 32 बिटचा पायथन वेगळा टाकला, डीएलएल उघडली. पण काट्यावर 20.350 दिसतं आणि माझ्या स्क्रीनवर कधी 1, कधी कोटीतला आकडा. हेडरमध्ये स्पष्ट आहे, फंक्शन पोर्टचा नंबर इंटमध्ये (पूर्णांक) घेतं आणि वजन डबलमध्ये (दशांशाचा आकडा) देतं. मी सीटाइप्स वापरते, म्हणजे डीएलएल बोलवायची पायथनसोबतच येणारी सोय.

दुसरं म्हणजे वजन स्थिर झालं की डीएलएलनं आपणहून माझं फंक्शन बोलवायचं अशी सोय आहे, म्हणजे कॉलबॅक. तो लावला तर पाच-सात मिनिटं चालतं आणि मग खिडकीच गायब. एरर नाही, काही नाही.

सीटाइप्सच ठेवू, की सीएफएफआय किंवा पायबाइंड11 असं जोडणीचं दुसरं साधन घेऊ, की आणखी काही? बजेट 5 हजार, त्यावर बाबा एक रुपया देणार नाहीत. आठ दिवस आहेत. नवा काटा सुचवू नका.

धंतोलीकर · सोमवार, रात्री 11:58

नवाच काटा घ्या ताई. मी मागच्या वर्षी माझ्या किराणा गोदामासाठी यूएसबीवाला घेतला, 31 हजार पडले, पण लावला की कीबोर्डसारखा आकडा सरळ एक्सेलमध्ये टाइप होतो. डीएलएल नाही, डोकेदुखी नाही. जुन्या वस्तूला ठिगळं लावत बसण्यात सीझन निघून जाईल.

मिहान_देव · मंगळवार, रात्री 12:20

पायबाइंड11, विषयच संपला. आमच्या टीमचं इमेज प्रोसेसिंगचं अख्खं इंजिन सी++ मध्ये आहे आणि पायथनला मीच जोडलं, दोन वर्षांत एकदाही क्रॅश नाही. टाइप चुकला तर तिथल्या तिथे टाइपएरर फेकतो. सीटाइप्समध्ये तुम्ही काहीही खोटं सांगा, तो ऐकून घेतो आणि प्रोग्राम मरतो.

जुना_सी_माणूस · मंगळवार, सकाळी 6:10

बेटा, तुझा रोग जुना आहे, मी तो 1991 मध्ये भोगला आहे. सीटाइप्सला तू काही सांगितलं नाहीस तर तो प्रत्येक फंक्शन इंटच परत देतं असं धरतो. तुझं फंक्शन डबल देतं. 32 बिटमध्ये डबल प्रोसेसरच्या गणिताच्या वेगळ्या स्टॅकवर (खणांच्या चळतीवर) परत येतो आणि सीटाइप्स मात्र प्रोसेसरच्या साध्या रजिस्टरमध्ये पाहतो, तिथे आधीचा जो काही कचरा पडला असेल तोच तुला वजन म्हणून दिसतो. म्हणून कधी 1 आणि कधी कोटी.

त्याच्याहून वाईट पुढे आहे. त्या स्टॅकला खण फक्त 8. तुझा डबल कोणी उचलतच नाही, तो तिथेच पडून राहतो, आणि आठ वेळा बोलावलं की खण भरले, मग डीएलएलच्या आतलं गणितही बिघडतं. आम्ही पूर्वी सीमध्ये प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शन काय घेतं-देतं ती ओळ, न लिहिता फंक्शन बोलावायचो तेव्हा कंपायलरही असंच इंट धरायचा. 1999 च्या मानकात ती सवलत काढली, फार बरं झालं.

उपाय एका ओळीचा. त्या फंक्शनचं रेस्टाइप, म्हणजे परत येणारा टाइप, सी_डबल कर आणि आर्गटाइप्समध्ये, म्हणजे पाठवायच्या टाइपांत, सी_इंट दे. बोलावण्याच्या आधी दे, नंतर नाही. फुकटात होतं.

आणि हेडरमध्ये फंक्शनच्या नावाआधी स्टडीकॉल लिहिलं आहे का ते पाहा. 32 बिट विंडोजमध्ये दोन रिवाज आहेत, स्टडीकॉलमध्ये पाठवलेल्या आकड्यांचा स्टॅक (वरचा गणिताचा नव्हे) बोलावलेलं फंक्शन साफ करतं आणि सीडेक्लमध्ये बोलावणारा. स्टडीकॉल असेल तर विनडीएलएलनं उघड, नाही तर सीडीएलएलनं. 64 बिट विंडोजमध्ये हा फरक राहिलेला नाही, त्यामुळे आजच्या पोरांना तो माहीतच नसतो.

विदर्भ_बॉय_99 · मंगळवार, सकाळी 9:05

डीएलएल 32 बिटची असेल तर पायथन पण 32 बिटचा लागतो, तो टाका. माझंही असंच झालं होतं.

संत्रा_अडत · मंगळवार, सकाळी 9:30

भाऊ, ते झालं आहे, वर लिहिलं आहे. काका, हेडर पाहिली, स्टडीकॉल नाही. दुपारी लिलाव संपला की रेस्टाइप लावून पाहते.

मिहान_देव · मंगळवार, सकाळी 10:15

काका, टाइपच्या नोंदी हातानं लिहायच्या म्हणजे उद्या एक विसरला की पुन्हा तेच. पायबाइंड11 मध्ये हेडर कंपायलरच वाचतो आणि तोच पहारा देतो.

जुना_सी_माणूस · मंगळवार, सकाळी 11:00

कंपायलर पहारा देतो हे मान्य. पण एका डीएलएलसाठी पोरीनं कंपायलर बसवायचा, तोही 32 बिटचा, मॉड्यूल 32 बिटच्या पायथनसाठी बांधायचं, आणि एवढं करून डीएलएल तिथेच, त्याच प्रोसेसमध्ये. एका ओळीचं काम आहे.

भूजल_ताई · मंगळवार, दुपारी 1:25

माझा अनुभव सीचा नाही, फोरट्रानचा आहे, पण सांगतेच, कारण मी तीन आठवडे घालवले आणि कोणाचे तरी वाचावेत. भूजलाचं जुनं मॉडेल फोरट्रानमध्ये होतं, ते पायथनमधून बोलावलं. पहिले फंक्शनच सापडेना, जीफोरट्रान कंपायलर नावामागे अंडरस्कोर लावतो. ते सापडलं तर प्रोग्राम पडायला लागला, फोरट्रानला साधा आकडा पाठवला तरी पत्ता हवा असतो. तेही जमलं, आणि मग आकडे यायला लागले, दिसायला अगदी शहाणे आकडे, पण विहिरींच्या पातळ्या नकाशावर उलट्यासुलट्या. फोरट्रान अ‍ॅरे कॉलमनं रचतं आणि पायथनची नंपाय लायब्ररी न सांगता रांगेनं. माझी ग्रिड चौरस होती म्हणून एरर आलाच नाही, नकाशा नुसता आडवा झाला होता. फोरट्रानच्या 2003 च्या मानकात सीशी जोडायची नीट सोय आहे, ती वापरली असती तर निम्मा त्रास वाचला असता.

म्हणून सांगते, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे तेच पहिले मोज. दोन किलोचं माप ठेव, मग पाच, मग वीस. आकडा दिसला म्हणजे तो बरोबर आहे असं समजू नकोस.

हिंगणा_फोरमन · मंगळवार, दुपारी 3:40

कॉलबॅकचं कोणीच बोललं नाही. खिडकी गायब होण्याचं कारण मी सांगतो, आमच्या मशीनवर अख्खी शिफ्ट गेली होती यात. तुम्ही पायथनचं फंक्शन सीटाइप्सच्या सीफंकटाइपमध्ये गुंडाळून सरळ डीएलएलला देत असाल, कुठल्या व्हेरिएबलमध्ये न ठेवता. पायथन पाहतो की या वस्तूला कोणी धरलेलं नाही, आणि ती फेकून देतो. डीएलएलकडे पत्ता जुनाच. वजन स्थिर झालं की ती त्या पत्त्यावर जाते आणि तिथे घरच नाही. तो गुंडाळलेला कॉलबॅक एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, प्रोग्राम चालू असेपर्यंत.

आणि फॉल्टहँडलर चालू करा, पायथन 3.3 पासून सोबतच येतो. मरताना पायथन कुठल्या ओळीवर होता ते तरी छापून जातो.

धंतोलीकर · मंगळवार, सायंकाळी 5:10

एवढं सगळं करण्यापेक्षा 31 हजार काय जास्त आहेत? हप्त्यावर पण मिळतो. मी पण पहिले एका पोराला 18 हजार देऊन प्रोग्राम करून घेतला होता, त्यानं अर्धवट सोडला आणि नंबर बदलला.

पारडी_शेतकरी · मंगळवार, सायंकाळी 6:30

मी माल आणतो कळमन्याला. कॉम्प्युटरचं मला समजत नाही, पण एक विचारतो, खाली, म्हणजे रिकाम्या कॅरेटचं वजन कोण वजा करून राहिलं? सगळे कॅरेट सारखे नसतात. जुनं जाड प्लास्टिकचं वेगळं, नवीन वेगळं. वहीत हमाल पाहून लिहितो. प्रोग्राम एकच आकडा वजा करणार असेल तर शेतकऱ्याचंच नुकसान आहे बाप्पा.

विदर्भ_बॉय_99 · मंगळवार, सायंकाळी 7:15

कॅरेटचं बरोबर आहे. पण ते टेअर (रिकामं वजन शून्य करणाऱ्या) बटणानं होतं ना, काट्यावरच असते.

पारडी_शेतकरी · मंगळवार, सायंकाळी 7:50

सकाळच्या गर्दीत दर कॅरेटला बटण कोण दाबते? या एक दिवस पाच वाजता.

संत्रा_अडत · गुरुवार, रात्री 10:05

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते लिहिते.

काका, रेस्टाइप लावताच वजन बरोबर आलं. ताईंनी सांगितलं तसं 2, 5, 10 आणि 20 किलोची मापं ठेवून पाहिली, चारही जुळली. फोरमन दादांचं निदानही बरोबर, माझा कॉलबॅक कुठेच धरलेला नव्हता. तो धरला, दोन तास चालला. पण मी काट्याची वायर मुद्दाम काढून पाहिली, कारण मार्केटमध्ये हमालाचा पाय वायरीत अडकतोच, आणि डीएलएल आतल्या आत मेली आणि अर्ध्यावर आलेलं बिल सोबत घेऊन गेली. फॉल्टहँडलरनं ओळ दाखवली ती डीएलएल बोलावायचीच. आतला दोष माझ्या हातात नाही.

म्हणून मी कोणाचंच ऐकलं नाही, माफ करा. सीटाइप्स काढलं, पायबाइंड11 घेतलं नाही, काटा तोच. सीमध्ये चाळीसेक ओळींचा छोटा 32 बिटचा प्रोग्राम लिहिला, त्यात कंपनीची हेडर सरळ जोडली, म्हणजे टाइपचा पहारा कंपायलर करतो. तो काट्याकडून वजन घेतो आणि एका ओळीत एक आकडा छापतो, एवढंच. माझा पायथन पुन्हा 64 बिटचा झाला, तो सबप्रोसेसनं, म्हणजे वेगळी प्रोसेस म्हणून, या छोट्याला चालवतो आणि ओळी वाचतो. वायर निघाली तर छोटा मरतो, पायथन त्याला पुन्हा उठवतो, बिल जागच्या जागी राहतं. कॉलबॅकही लागत नाही, सेकंदाला चारदा विचारते. खर्च शून्य.

एका ठिकाणी अडले होते. पहिले बराच वेळ काहीच यायचं नाही आणि मग एकदम शेकडो आकडे यायचे. सीचा प्रोग्राम पाइपमध्ये, म्हणजे स्क्रीनऐवजी दुसऱ्या प्रोग्रामकडे, छापत असेल तर ओळी साठवून ठेवतो, दर ओळीनंतर एफफ्लश (साठलेलं लगेच बाहेर काढ) लिहिलं तेव्हा लगेच यायला लागले. कोणी हे करणार असेल तर ते विसरू नका.

जुना_सी_माणूस · गुरुवार, रात्री 10:40

एका ओळीच्या कामासाठी दुसरा प्रोग्राम मी लिहिला नसता. पण वायर काढून पाहिलीस हे मला सुचलं नव्हतं. वजन तीन दशांशांपर्यंतच छाप आणि पायथनमध्ये डेसिमलनं (दशांश अचूक ठेवणारा टाइप) वाच, पैशाचा हिशोब आहे.

मिहान_देव · गुरुवार, रात्री 11:15

मला अजूनही पायबाइंड11 च नीट वाटतं. वेगळी प्रोसेस ठेवून त्याच्यातही करता आलं असतं.

संत्रा_अडत · गुरुवार, रात्री 11:30

काका, डेसिमल लावते. आणि पारडीचे दादा, कॅरेटचं तुमचं पटलं. जाड आणि नवीन अशी दोन बटणं स्क्रीनवर देते, हमाल कॅरेट पाहून दाबेल, आणि वजा झालेलं वजन पावतीवर वेगळं छापेल. उद्या सकाळी दहा-दहा खाली कॅरेट काट्यावर ठेवून दोन्हींची सरासरी काढते. तुम्ही उद्या माल आणणार असाल तर तेव्हा समोर उभे राहा.