चोऱ्या आणि 'बाहेरचे'

"बाहेरचे आले आणि भांडुप बिघडलं", चोऱ्याही त्यांच्यामुळेच होतात, असं काही जण म्हणतात, म्हणून लिहितो. १९८२च्या गिरणी संपानंतर आम्ही लालबाग सोडून इथे आलो, तेव्हा शेजारच्या आजी आम्हालाच बाहेरचे म्हणायच्या! आणि असे आम्ही एकटेच नव्हतो: २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, उपनगर जिल्ह्याची (भांडुप त्यातच) ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेली.

चाळीत दारं दिवसभर उघडी असायची, कारण ओट्यावर कोणी ना कोणी भाजी निवडत बसलेलं. आता टॉवर, सेफ्टी डोअर, आणि मजल्यावरच्या चारांपैकी दोन घरांची नावंही मला माहीत नाहीत. मागे इमारतीतून सायकल गेली. कॅमेरा बंद (मेंटेनन्स मात्र चालू). सगळ्यांचं बोट पाववाल्या पोराकडे. सायकल नेली होती तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या भाच्याने.

भाडेकरूंची पोलीस पडताळणी हवीच, त्यात दुमत नाही. ती टाळतात आपलेच घरमालक. आणि आमच्या काकांचे चाळीस हजार फोनवरून गेले, चोर भांडुपला फिरकलासुद्धा नाही. असं झालं तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावा, सोसायटीच्या ग्रुपवर नंतर लिहा.