प्रतिसाद: हाताने फिरवायचं साणयंत्र, कंपनी आणि किंमत

हँडल फिरवून दगडावर हत्यारांना धार लावायचं तुमचं जुनं साणयंत्र कोणत्या कंपनीचं आणि त्याची किंमत काय, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर एकाने वायर ब्रशने रंग खरवडून कंपनीचं नाव शोधायचा सल्ला दिलाय, तो कृपया पाळू नका. मूळ रंग गेला की संग्राहकाच्या लेखी निम्मी मजा गेली. रॉकेलच्या बोळ्याने मळ काढा आणि टॉर्चचा उजेड आडवा पाडा. बिडात (ओतीव लोखंडात) ओतलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. गिअरपेटी, हँडलचा दांडा आणि यंत्र टेबलाला आवळायच्या शिकंजाची आतली बाजू, तिन्ही बघा.

नाव नसेल तर हँडलचा एक फेरा देऊन दगड किती वेळा फिरतो ते मोजा. हा आकडा जुन्या कॅटलॉगशी ताडता येतो. फिरवताना एकाच ठिकाणी कटकट आली तर तिथला गिअरचा दाता बहुधा तुटलाय. सगळीकडे खरखर असेल तर बहुधा नुसतं ग्रीस वाळलंय.

किंमत पडते ती शिकंजाला तडा असल्यामुळे. बीड वाकत नाही, जास्त आवळलं की थेट चिरतं. पिवळट रेघ दिसली तर तो तडा पितळेने जोडलाय. हत्यार टेकवायची पट्टी तर बहुतेकदा हरवलेलीच असते.

दगडाला किंमत धरू नका. तो काढून, कोरडा करून, भोकात बोट घालून लटकवा नि लाकडी मुठीने हलकेच टोका. 'ठण्ण' वाजला तर ठीक, 'थप्प' वाजला तर फेका.