कातळशिल्पांचा प्रबंध: विज्ञान, कायदा, कला एकत्र कसं बसवू?

प्रश्न: कोकणातल्या राजापूरच्या सड्यावरच्या (खडकाळ सपाट पठारावरच्या) कातळशिल्पांवर, म्हणजे खडकात कोरलेल्या चित्रांवर, प्रबंध करायचाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: नोंदणीपासून. फोटो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, भर दुपारी उथळ रेषा दिसतच नाहीत. शेजारच्या फोटोंत 70-80 टक्के भाग सामाईक ठेवा, नाहीतर फोटो जोडून बनणारी त्रिमितीय प्रतिकृती जुळत नाही. फोटोत मोजपट्टी, उत्तर दिशा हवीच. आणि कृपया रेषांत खडू भरू नका!

उत्तर २: कायद्यासाठी आधी सातबारा काढा, बरेच सडे खाजगी आहेत. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव आलं, पण तेवढ्याने संरक्षण मिळत नाही. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय किंवा 1960 च्या राज्य कायद्याखाली अधिसूचना लागते.

उत्तर ३: कलेसाठी राजापूर तालुक्यातल्या काशेली गावचा कातळात कोरलेला हत्ती घ्या. त्याच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी इतर प्राणी कोरलेत. त्यांची मांडणी अभ्यासा.