आपलं कोणी खेळत नसताना खेळ बघण्यात काय मजा?

दुपारचा_प्रेक्षक (ताळगाव)

वर्षातून सहा वेळा, एकेका स्पर्धेचे पंधरा दिवस, दुपारचं हुमण-शीत जेवून घर आडवं झालं की मी सुमो लावतो. जपानची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे वरच्या गटाच्या कुस्त्या नेमक्या वामकुक्षीच्या वेळी येतात. घरात एकच प्रश्न असतो: 'त्या लठ्ठ माणसांत काय एवढं बघतोस?' उत्तर लांबलचक आहे आणि घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून हा धागा.

ज्या खेळात आपला देश नाही, आपला संघ नाही, ज्याचे नियमही लहानपणी कानावर पडलेले नाहीत, तो खेळ बघतानाच आपण खरा खेळ बघतो, असं माझं मत आहे. क्रिकेटमध्ये मी कित्येक वर्षांत खेळ बघितलेलाच नाही, नुसता निकाल बघितलाय. जिंकतोय तोवर सामना झकास, हरायला लागलो की रिमोट शोधायचा. समोरच्या गोलंदाजानं सुरेख चेंडू टाकला तर पोटात गोळा येतो. ही कसली रसिकता?

उलट सुमो बघा. ४.५५ मीटर व्यासाचं मातीचं रिंगण. दोघे मल्ल मीठ उधळतात, उकिडवे बसतात, नजर भिडवतात, उठतात, परत कोपऱ्यात जातात, परत मीठ. वरच्या गटात या तयारीला चार मिनिटं मिळतात, आणि कुस्ती बहुतेक वेळा काही सेकंदांत आटोपते. पण ती चार मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघावीत. दोघांचे हात जमिनीला टेकल्याशिवाय झुंज सुरू होत नाही, त्यामुळे मूठ टेकवायला मुद्दाम उशीर करणारा एखादा बेरकी असतो, आणि त्याच्यामुळे चुळबुळ करणारा एखादा उतावळा. वजनगट नाहीत. दीडशे किलोवाला एकशेदहावाल्यावर धावून जातो, तो ऐनवेळी बाजूला सरकतो आणि डोंगर तोंडावर पडतो.

पंधरापैकी आठ जिंकलात तर क्रमवारीत वर, सातच जिंकलात तर खाली. म्हणून शेवटच्या दिवशी मी विजेतेपदाची कुस्ती सोडून सात-सातवर अडकलेल्या कुठल्यातरी मधल्या मल्लाची वाट बघतो. तेरुनोफुजी नावाचा मल्ल वरून दुसऱ्या पदावर पोचला होता. गुडघे गेले, मधुमेह झाला, घसरत घसरत तो २०१९ मध्ये जवळजवळ तळाच्या गटात गेला, आणि तिथून चढत २०२१ मध्ये योकोझुना, म्हणजे सगळ्यांत वर. हे मी त्याचा देश, धर्म, गाव काही न बघता बघितलं. (तो मूळचा मंगोलियाचा, हे मला फार नंतर कळलं.)

बोला आता.

डिचोलीचो_भाऊ

राग मानू नका, पण हे भरल्या पोटाचं तत्त्वज्ञान झालं मरे. खेळ बघायचा तो कोणाचा तरी होऊन. आमच्या गावच्या मैदानावर पावसाळा सरला की फुटबॉल लागतो. तिथं बॅकला खेळतो तो पोदेराचा पोरगा, सकाळी आमच्याच दारात पाव घालतो. संध्याकाळी त्यानं चेंडू सोडला तर दुसऱ्या दिवशी पावाचे पैसे देताना चार शब्द ऐकवल्याशिवाय कोणी सोडत नाही. आणि गोल वाचवला तर आमची म्हातारी त्याला चहा पाजते. फुटबॉल गोव्याचा राज्य खेळ झाला तो काय ऑफसाइडचा नियम फार सुंदर आहे म्हणून?

तुमचं सुमो म्हणजे ओळख ना पाळख अशा लग्नात जेवून येणं. जेवण चांगलं असेल, नाही म्हणत नाही. पण नवरा कोण, नवरी कोण, तुम्हाला काही पडलेलं नाही.

दुपारचा_प्रेक्षक

भाऊ, पोदेराच्या पोरानं चेंडू सोडला तेव्हा त्याचा तोल कुठे गेला, ते बघितलंत? की गावाचं नाक कापलं गेलं, एवढंच दिसलं?

डिचोलीचो_भाऊ

दोन्ही दिसलं. तीस वर्षं त्याच मैदानावर बघतोय, तोल कुठे जातो ते मला तुमच्यापेक्षा आधी कळतं. आपुलकी असली की नजर मंद होते हे कोणी सांगितलं तुम्हाला?

हडफड्याचं_घोडं

मध्येच बोलतो. २०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक आमच्या हडफड्यात झाला. २०६ खेळाडू, बाद फेरी, आणि शेवटी उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला, वय १९. आपला गुकेश तिसऱ्याच फेरीत गेला, अर्जुन उपांत्यपूर्व फेरीत. ते गेल्यावर माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी बघणं सोडलं. म्हणजे प्रेक्षक म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण दुसरी गोष्टही सांगतो. जे उरले ते तरी बुद्धिबळ बघत होते का? स्क्रीनच्या कडेला संगणकाच्या इंजिनाचा, कोण वरचढ ते दाखवणारा पांढरा-काळा पट्टा असतो, तो वर गेला की 'वा', खाली आला की 'अरेरे'. खेळाडू अर्धा तास डोकं धरून बसलाय आणि आमचा पाचवीतला भाचा म्हणतो, 'मामा, याला एवढं साधं दिसत नाही?' पट्टा झाकून बघा म्हटलं तर दहा मिनिटांत सगळे उठून गेले. न कळणारा खेळ बघायला धीर लागतो. तो सगळ्यांकडे असतो असं गृहीत धरू नका.

माशेलची_मावशी

तुम्ही सगळे बघणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. ज्याला बघितलं जातं त्याचं काय?

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. देवळात अखंड भजन झालेलं असतं. मग अंगाला तेल चोपडून पुरुष आणि पोरं बाहेर येतात. पाऊस धो धो, मैदानाचा लगदा झालेला. आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी, एकमेकांना ओढून पाडणं, लोळणं. जिंकलं कोण, हा प्रश्नच नाही, कारण मोजतच कोणी नाही. कडेचे लोक खाऊ फेकतात, तो चिखलातून झेलायचा. आजोबा आणि नातू एकाच रंगाचे झालेले असतात.

आता कडेला कॅमेरेच कॅमेरे. डोक्यावर ड्रोन. मागच्या खेपेला एक पाहुणा आमच्या पुतण्याला म्हणाला, 'भाऊ, परत एकदा पडा ना, नीट आलं नाही.' आणि हा शहाणा परत पडला! प्रेक्षक, तुम्ही घरी बसून सुमो बघता, कोणाला काही सांगायला जात नाही, ते ठीक. पण परक्या खेळाच्या या आवडीतूनच असे पाहुणे निघतात. काही ओळख नको, काही देणंघेणं नको, नुसतं बघायचं. ते बघणं कधी ना कधी 'परत पडा' म्हणतंच.

रील_नको_रे

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. इंग्लंडात ग्लॉस्टरशरला एका उभ्या टेकडीवरून चीजचं चाक सोडतात आणि माणसं त्याच्यामागे गडगडत जातात. हाडं मोडतात. फिनलंडमध्ये बायकोला पाठीवर घेऊन २५३.५ मीटर पळायचं, बक्षीस बायकोच्या वजनाइतकी बिअर. हे मोबाइलवर येतं, आपण हसतो, पुढे सरकवतो. याला 'अपरिचित खेळांचं आकर्षण' म्हणायचं? ही जत्रेतली मौज झाली.

दुपारचा_प्रेक्षक

सगळं एका मापानं मोजू नका. वीस सेकंद बघून हसणं आणि एखाद्या खेळाच्या मागे वर्षभर असणं यात फरक आहे. कर्लिंगवरही लोक हसतात, बर्फावर झाडू मारणारी माणसं म्हणून. पण तासभर बसलात तर दिसतं की ग्रॅनाइटचा तो जवळपास वीस किलोचा दगड हातातून सुटल्यावर झाडूवाल्यांच्या हातात बर्फ घासून त्याची वाट थोडीशी लांबवणं किंवा सरळ ठेवणं, एवढंच उरतं. आणि चालत्या दगडाला चुकून झाडू लागला तर खेळाडूनं आपण होऊन सांगायचं असतं. आपल्या क्रिकेटमध्ये असं कोणी आपण होऊन सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

मावशी, तुमच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

सासष्टीकर

उत्तर नाही म्हणता, तर आणखी एक अवघड प्रश्न घ्या. परका, अनवट, कुठल्याही लीगमध्ये न बसणारा खेळ तुम्हाला हवाय ना? मग धिरयो का नको? दोन बैल शिंगाला शिंग लावतात, जो पाठ फिरवतो तो हरला. पिढ्यान् पिढ्या कापणी झालेल्या शेतात, फेस्ताला लोक बघत आले. नव्वदच्या दशकात हायकोर्टानं बंदी घातली. तिकडे महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत, तामिळनाडूत जल्लिकट्टू, कर्नाटकात कंबळा, तिन्हींचे कायदे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरले. आम्हीच काय घोडं मारलंय?

माशेलची_मावशी

सासष्टीकर, चिखलात आमचा पुतण्या स्वतःच्या मर्जीनं पडतो. बैलाला कोणी विचारलं?

सासष्टीकर

बैलगाड्याला जुंपताना विचारतात वाटतं?

दुपारचा_प्रेक्षक

नाही विचारत, म्हणून मी तेही बघत नाही. सुमोतला मल्ल हरला तर मान झुकवून आपल्या पायांनी बाहेर जातो आणि पुढच्या स्पर्धेला परत येतो. धिरयोत बैल मेलाय, माणसंही मेली आहेत, आणि बघणाऱ्यांपैकी निम्म्यांचा डोळा पैजेवर असतो. खेळापेक्षा निकालच बघणारे, म्हणजे माझी तक्रार तिथंही तीच. आता कृपा करून धिरयोचा वेगळा धागा काढा, नाहीतर उद्यापर्यंत इथं दुसरं काही उरणार नाही.

पेडण्याचो_रेडर

मी कबड्डी खेळलोय, मातीतली. २०१४ च्या आधी आमच्या खेळाला शहरात गावंढळ म्हणायचे. मग लीग आली, दिवे आले, आणि तेच लोक 'डू ऑर डाय रेड' म्हणून सोफ्यावर उड्या मारायला लागले. चांगलं झालं. पोरांना पैसे मिळाले, नाव मिळालं. पण टीव्हीला रुचेल तसा खेळ वाकतो, हेही खरं. टेबल टेनिसचा गेम २१ गुणांचा होता तो २००१ मध्ये ११ चा झाला, त्याआधी चेंडू ३८ चा ४० मिलिमीटर केला, कशाला? बघणाऱ्याला चेंडू दिसावा, चुरस वाढावी म्हणून.

त्यामुळे प्रेक्षक, तुमच्यासारखे चार जण बघतात तोवर खेळ आपल्या मर्जीनं जगतो. चार लाख बघायला लागले की तो त्यांच्या मर्जीनं. आणि तेव्हा तुम्हीच नाक मुरडून म्हणणार, 'आम्ही बघायचो तेव्हा काय मजा होती!' ही जात मला चांगली ठाऊक आहे.

दुपारचा_प्रेक्षक

हा टोला बसला.

फोंड्याची_आई

खूप वेळ वाचत होते, आता लिहिते. माझी लेक सेपाक टकरा खेळते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बॅडमिंटनएवढं कोर्ट, मध्ये जाळी, एका बाजूला तिघी, आणि चेंडूला हात लावायचा नाही. पाय, गुडघा, छाती, डोकं. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा हा खेळ होता, लगोरी आणि गतका (पंजाबी लाठी-तलवारीचा खेळ) हेसुद्धा प्रदर्शनीय म्हणून होते. तेव्हा पेपरात चार दिवस फोटो आले.

तालुका पातळीच्या सामन्यांना मात्र आम्ही पालक आणि पुढच्या सामन्याची वाट बघणाऱ्या पोरी, एवढेच. टाळ्यासुद्धा मोजता येतात. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चार बायकांनी लॉन बोल्समध्ये, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळात, सुवर्णपदक आणलं, दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवून. त्यातली एक झारखंड पोलिसांत नोकरी करणारी. त्या दिवशी आमच्या सोसायटीत प्रत्येक जण लॉन बोल्सचा जाणकार झाला होता. आज त्या चौघींपैकी एकीचं नाव सांगा पाहू, मोबाइल न बघता.

तुमच्या वादात मला एवढंच कळत नाही की जपानचा सात-सातवाला मल्ल तुम्हाला एवढ्या लांबून दिसतो, आणि फोंड्यातल्या पोरी दिसत नाहीत. त्या तर तुमच्यासाठी अगदी परक्याच आहेत, अटी सगळ्या पूर्ण होतात. आणि भाऊ, तुम्हाला आपलं माणूस हवं असतं ना? मग तालुक्याची पोर आपली नाही का? फुटबॉल खेळली तरच आपली?

डिचोलीचो_भाऊ

बाय, मला ह्या खेळाची खबरच नव्हती. आमच्यापर्यंत कोणी आणलाच नाही.

फोंड्याची_आई

सुमो तरी कोणी आणून दिला होता यांना?

दुपारचा_प्रेक्षक

ताई, सामने कधी, कुठे असतात ते कळवा. मोबाइल खिशातच ठेवीन, मावशींची शपथ. मात्र कोणाच्या बाजूनं ओरडणार नाही, आधीच सांगतो.

फोंड्याची_आई

कळवते. ओरडू नका, चालेल. गुण फलकावर असतील, ते नाही बघितलेत तरी चालेल. ती जाळीकडे पाठ करून, उडी मारून, खांद्यावरून उलटी लाथ मारते ना, तेव्हा ती खाली कशी येते ते बघा. गेल्या वर्षी घोटा तिथंच मुरगळला होता.

डिचोलीचो_भाऊ

मीही येतो. पण पोरगी कुठल्या बाजूला खेळते ते आधी सांगून ठेवा, ओरडायचं कोणासाठी ते कळायला नको?