रेडकू दगावल्यावर म्हैस पान्हा चोरतेय: धसका समजायचा की आजार?

गव्हाण_पलूस
मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, व्याल्याला आज १२ वा दिवस. रेडकू ९ व्या दिवशी हगवणीनं गेलं. तोवर दोन्ही वेळचं मिळून ९ लिटर दूध होतं, आता साडेतीन-चारावर आलंय. कासेला हात लावला की पाठ ताणते, मागचा पाय उचलते. दोन-चार धारा येतात आणि मग कास भरलेली तशीच. उसाचं वाडं खाते, कडबाही खाते, पण आंबोणाला तोंड लावत नाही. वार व्याल्यावर ६ तासांत पडली होती. ताप मोजलेला नाही. आजूबाजूचे सगळे एकच सांगतात: धसका घेतलाय, इंजेक्शन मारा आणि धार काढा.

जनावराला खरंच धसका बसतो का? त्यावर कुणी काही शोधून काढलंय, की नुसतं म्हणायचं म्हणून? रोज इंजेक्शन दिलं तर पुढं काय होतं? आणि रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवायचा जुना उपाय आता करावा का?

पशुवैद्यक_विटा
धसक्याचं नंतर बोलू. तुमच्या पोस्टमधलं कामाचं वाक्य म्हणजे "वाडं खाते, कडबा खाते, आंबोण खात नाही." व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरड-पेंड सोडून फक्त वैरण खाणारं जनावर दिसलं की पहिला संशय किटोसिसचा. दूध वाढत असतं, खाणं तेवढं वाढत नाही. मग अंगातली चरबी वितळते, यकृताला ती पेलत नाही आणि रक्तात किटोन साठतात. अशी म्हैस सुस्त दिसते, दूध उतरतं, आणि रेडकू नुकतंच गेलेलं असलं की गाव "धसका" म्हणून मोकळं होतं.

आजच्या आज एवढं बघा. ताप सकाळी उन्हं चढायच्या आत मोजा, कारण उन्हात उभी असलेली काळी म्हैस उगीच एखादी डिग्री जास्त दाखवते. थर्मामीटर गुदद्वाराच्या भिंतीला टेकवून पूर्ण एक मिनिट धरा. शेणात खुपसला तर आकडा खोटा येतो. १०१-१०२ फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर गेला तर फोन करून डॉक्टर बोलवा. निरणाखालून (योनीमार्गातून) येणाऱ्या स्रावाला कुजका वास असेल तर गर्भाशयाचा दाह, मग बाकी चर्चा बंद.

किटोनसाठी मेडिकलमध्ये मधुमेहींच्या लघवीच्या पट्ट्या मिळतात. निरणाच्या खाली हलक्या हातानं चोळलं की म्हैस बहुतेक वेळा मुतते. मधली धार कपात धरा, पट्टी बुडवा आणि बाटलीवर लिहिलेल्या सेकंदालाच रंग वाचा. उशिरा वाचलं की रंग गडद होत जातो आणि नसलेला आजार दिसतो. बाटली आधीपासून उघडी पडलेली असेल तर उलटं, असलेला आजार दिसत नाही.

शेवटी सीएमटी, म्हणजे कासेची सूज ओळखायची दुधाची चाचणी. चार खणांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं २ मिली दूध, तेवढंच द्रावण, आणि १० सेकंद गोल फिरवायचं. पहिल्या दोन धारा टाकून मगच दूध घ्या. दूध दाट होऊन लिबलिबीत झालं तर त्या सडात सुजेच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात. नुसत्या डोळ्यांना ते दूध अगदी चांगलं दिसतं.

खांद्यामागची पाठ चिमटीत धरून दाबल्यावर म्हैस कण्हली, पाठ खाली करायला तयार नसली, तर पोटात तार-खिळा असण्याची शंका. तेही बघून घ्या, फुकट आहे.

अभ्यासक_कराड
संशोधनाचं विचारलंय म्हणून लिहितो. १९४१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या ईली आणि पीटरसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कासेच्या एका बाजूच्या नसा तोडल्या तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला. म्हणजे पान्ह्याचा निरोप कासेपर्यंत रक्तातून जातो. मग गाय घाबरवून बघितली: पाठीवर मांजर बसवायचं आणि दर १० सेकंदांना कागदी पिशवी फोडायची, अशी दोन मिनिटं. पान्हा अडला. पुढं मांजराची गरज नाही असं लक्षात आलं, नुसत्या पिशव्याच पुरल्या. ॲड्रेनालिन, म्हणजे भीतीच्या वेळी अंगात सुटणारं संप्रेरक, टोचल्यावरही तसाच परिणाम दिसला.

आज आपल्याला यातली दोन कुलपं माहीत आहेत. एक मेंदूत: अनोळखी जागा, अनोळखी माणूस, बदललेली वेळ, की ऑक्सिटोसिन हे पान्हा आणणारं संप्रेरक सुटतच नाही. दुसरं कासेत: सुटलं तरी ॲड्रेनालिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि ते पोचत नाही. म्हशीला हे जास्त भोवतं. गाईच्या कासेत पान्ह्याआधीच खाली उतरलेलं दूध साधारण २० टक्के असतं, म्हशीत जेमतेम ५ टक्के. तुम्हाला येणाऱ्या "दोन-चार धारा" म्हणजे तेच ५ टक्के.

आता "धसक्यानं आजार होतो का?" म्हशीला दुःख होतं का हे मोजता येत नाही, मोजता येतात ती संप्रेरकं आणि पेशी. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखवलं की थंडी, जखम, विष, काहीही असो, उंदरांत खुणा त्याच: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, थायमस आक्रसलेला, जठरात व्रण. १९७५ मध्ये एडर आणि कोहेन यांनी उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी आणि प्रतिकारशक्ती मारणारं औषध एकत्र दिलं. पुढं नुसतं गोड पाणी पाजलं तरी प्रतिपिंडं कमी तयार झाली. शरीर चव लक्षात ठेवतं आणि त्यावर प्रतिकार बदलतो, हे तेव्हा अनेकांना पटेना.

माणसांवरचा १९९१ चा सर्दीचा प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांच्यावर ताण सगळ्यात कमी त्यांच्यात सर्दी २७ टक्क्यांना, सगळ्यात जास्त त्यांच्यात ४७ टक्क्यांना. विषाणू सगळ्यांनाच दिला होता, हे विसरू नका. १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिलं, तर ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले.

गोठ्यात याचा अर्थ असा. घटसर्प, म्हणजे जनावराचा गळा सुजवणारा जीवघेणा ताप; त्याचे जिवाणू काही जनावरांच्या टॉन्सिलमध्ये गपचूप राहतात. ट्रकमधून लांबचा प्रवास, पहिला पाऊस, किंवा २०१९ सारखा कृष्णेचा पूर आणि एका रात्रीत जनावरं छावणीत, की तेच जिवाणू उसळतात. थायलेरियाचं, म्हणजे गोचिडांतून येणाऱ्या तापाचंही तेच: बरी झालेली संकरित गाय वाहक राहते आणि व्याल्यावर किंवा प्रवासानंतर पुन्हा तापते. म्हणून घटसर्पाची लस पावसाआधी आणि जनावर हलवायच्या दोन-तीन आठवडे आधी टोचायची. ट्रकमधून उतरल्या दिवशी टोचलेल्या लशीला थकलेलं शरीर नीट साथ देत नाही.

गव्हाण_पलूस
सगळं करून बघितलं. ताप १०१.८. स्रावाला वास नाही. पट्टीवर गडद जांभळा रंग आला, डब्यावरच्या रंगांत वरून दुसरा. सीएमटीत उजव्या बाजूचा मागचा सड दाट, बाकी तीन पातळ. पाठ दाबल्यावर काही नाही. घरात कराडचा गूळ आहे, रोज अर्धा किलो पाजू का?

पशुवैद्यक_विटा
गूळ नको. आपल्याकडं गूळ घरचाच, म्हणून पहिला हात तिकडं जातो. पण पोटात गेलेली साखर रवंथाच्या जनावराच्या रक्तात साखर म्हणून पोचत नाही. पहिल्या पोटातले जीवाणू ती आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल बनतं, ज्याचे पुढं किटोनच होतात. वरून अर्धा किलो एकदम दिला तर पोट आंबट पडायची भीती.

प्रोपिलीन ग्लायकॉल २५०-३०० मिली दिवसातून एकदा, ३ ते ५ दिवस. यकृत त्यापासून ग्लुकोज बनवतं. पाजताना डोकं पाठीच्या रेषेपेक्षा फार वर उचलू नका, जीभ ओढू नका, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा आणि खोकली की थांबा. किटोसिसची म्हैस बरी होऊन पाजताना फुप्फुसात गेल्यामुळं न्युमोनियानं मेली, असं होतं. शिरेतून डेक्स्ट्रोज लागेल का ते डॉक्टर येऊन ठरवतील. काही जण सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. ते म्हणजे बाटलीतला ताणच: दूध आणखी उतरतं आणि दबलेला थायलेरिया वर येऊ शकतो. तुमच्या म्हशीच्या एका सडात आधीच पेशी वाढल्यात, तेव्हा डॉक्टरांना सीएमटीचं आधी सांगा.

साखळी अशी दिसते: व्याल्यावर ऊर्जेची ओढाताण होतीच. रेडकू गेलं, खाणं मंदावलं, किटोसिस उघडा पडला. पान्हा येईना म्हणून दूध कासेत तुंबलं आणि तुंबलेल्या एका सडात सूज धरली. शेजारी अगदीच चुकले नाहीत. नुसता धसका धरून बसला असता तर मात्र आठवडाभरात म्हैस आटली असती आणि तो सड गेला असता.

धार_कोरेगाव
औषध डॉक्टरांनी सांगितलंच. आता कासेजवळ बसायचं सांगते, कारण पान्हा तिथं येतो.

ही म्हैस रेडकू लावून पान्हा सोडायला शिकलेली होती. रेडकाची ढुशी, त्याची लाळ, तीच तिची खूण. ती खूण गेली, तेव्हा दुसरी बसवायची. एकच माणूस, एकच वेळ, एकच बादली. आंबोणाची पाटी धारेच्या वेळीच पुढं ठेवा, आधी नको. खाताना पान्हा सुटायला मदत होते. आत्ता ती आंबोण खात नाही, म्हणून भरड थोडी ओली करून वाड्याच्या कुट्टीत मिसळा. सुरुवात मूठभर.

कोमट पाण्यानं कास धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग हातानं सडाची टोकं चोळा. प्रत्येक सडातून तीन धारा वेगळ्या भांड्यात काढा आणि थांबा. गाईला मिनिट-दीड मिनिट पुरतं, म्हशीला दोन-तीन मिनिटं, अशा बिचकलेल्या म्हशीला पाचसुद्धा. सड फुगून ताठ झाल्याशिवाय ओढायला सुरुवात केली की रिकामा सड ओढला जातो, दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी हात लागायच्या आधीच पाठ ताणते. सड ताठ झाले की मात्र पाच-सात मिनिटांत आटपा, कारण ते संप्रेरक रक्तात काही मिनिटंच टिकतं. मध्ये फोन घेतला तर उरलेलं दूध वरच राहतं. अंगठा दुमडून काढू नका, पूर्ण मुठीनं काढा. सुजलेला सड सगळ्यात शेवटी.

पाय बांधून, शेपूट पिळून, ओरडून काढलेलं दूध कमीच येतं. जनावराला माणसाची भीती बसली की दूध घटतं, हे ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ यांनी गाई-डुकरांवर कितीतरी वर्षं दाखवलंय. ब्रिटनमध्ये २००९ ला ५१६ शेतकऱ्यांची पाहणी आली होती: गाईंना नावानं हाक मारणाऱ्यांकडं वेताला २५८ लिटर दूध जास्त. आपण गंगी, चांदी, मोती अशी नावं ठेवतोच.

अभ्यासक_कराड
ताई, त्या पाहणीत एक अडचण आहे. नाव ठेवणारा शेतकरी बाकीची निगाही चांगली राखत असणार, म्हणून २५८ लिटर नावाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. बाकी धारेचं सगळं पटलं.

धार_कोरेगाव
मान्य. नाव ठेवायला पैसे पडत नाहीत एवढंच.

पशुवैद्यक_विटा
राहिलेले दोन प्रश्न.

इंजेक्शन: ऑक्सिटोसिन कुलूप उघडतं, पण रोज बाहेरून मिळालं की म्हैस स्वतःहून पान्हा सोडणं कमी करते. मग सुई चुकली की दूध नाही. दुकानातून कुपी आणून घरी टोचणं तर अजिबात नको. मात्रेचा भरवसा नाही, सुई एकाच ठिकाणी खुपसून गाठी होतात. दूध वाढवायला जनावराला घातक असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. तुमच्या बाबतीत तो सुजलेला सड पूर्ण रिकामा होणं गरजेचं आहे, म्हणून डॉक्टर ३-४ दिवस कमी-कमी होत जाणाऱ्या मात्रेत देतील, तेही ताईंनी सांगितलेल्या पद्धतीला जोडून.

कातडं: पान्ह्याला वासाची मदत होते हे खरं. पण रेडकू हगवणीनं गेलंय. ते कातडं गव्हाणीत म्हणजे तीच हगवण पुढच्या रेडकाला. पुरलं असेल तर उकरू नका.

धार झाली की चारही सड आयोडीनमध्ये बुडवा: ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचे ९ भाग, ग्लिसरीनचा १. त्यानंतर अर्धा तास वैरण टाकून उभी ठेवा, सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. लगेच बसली की शेण-मूत थेट आत. तिसऱ्या दिवशी पट्टी, सातव्या दिवशी सीएमटी पुन्हा. सड तेव्हाही दाट निघाला तर प्रतिजैविक भरायच्या आधी निर्जंतुक बाटलीत दूध घेऊन तपासायला पाठवा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल. बाटली बर्फात ठेवून न्या. औषध आधी भरलं तर तपासणीत जंतू उगवत नाहीत आणि "काही सापडलं नाही" असा कागद हातात येतो.

गव्हाण_पलूस
ग्लायकॉल आजपासून चालू केलं. संध्याकाळी कास धुऊन चार मिनिटं थांबलो, पाचव्या मिनिटाला पुढचे दोन सड फुगले. मागचे अजून नाहीत. तिसऱ्या दिवशीचा पट्टीचा रंग इथंच टाकतो.