स्वस्तापेक्षा हे विचारा

तुम्ही मुंबईचे चौघं नवखे; अंदमानातल्या हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) स्कूबा डाइव्हिंगसाठी स्वस्त ऑपरेटर कोणता, असं विचारलंय. दराआधी विचारा: पाण्याखाली एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? एक किंवा फार तर दोन. बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? आधी कमरेएवढ्या पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, कान मोकळे करणं शिकवतात का? खोली १२ मीटरच्या आतच.

सर्दी झाल्यास तारीख बदलून देतात का, हेही लेखी घ्या. सर्दीची गोळी घेऊन पाण्यात उतरू नका. तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात, सायनसमध्ये हवा अडकते.

दमा, कानाचं ऑपरेशन असेल तर ‘डाइव्ह करायला हरकत नाही’ अशी डॉक्टरांची सही मुंबईतूनच न्या. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत १८ तास ठेवा. फोटो फुकट मिळतात की नाही, ते दुय्यम!