मदत हवी आहे: सॅमन इतके घटले, तरी जनुकीय विविधता तेवढीच कशी?

ऐरोली_लोकल:
सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन आहे आणि आज शनिवारची रात्र. कोणीतरी पटकन सांगा. १२ वर्षांत सॅमनची संख्या ४,००० वरून ३०० वर आलीये, आणि हेटेरोझायगॉसिटी (आई-बापाकडून आलेल्या दोन जनुकप्रती वेगळ्या निघण्याची शक्यता) ०.७८ ची ०.७७. बस्स, एवढाच फरक. नोट्समध्ये तर आहे की संख्या घटली की विविधता घटते. तीनदा मोजलं. सॉफ्टवेअर गंडलंय की मी? 'गुगल कर' म्हणू नका, दोन दिवस तेच करतेय.

दिवाळेकर:
रावस कमी झालाय हे खरंच आहे. आमच्या लहानपणी दिवाळे गावच्या बंदरावर हातभर लांबीचा रावस रोज दिसायचा. आता मावशी आधी भाव सांगते, गिऱ्हाईक टिकलं तर मासा दाखवते. खाडीत काय काय सोडतात ते बघितलंत तर मासा खावासा वाटणार नाही.

सूक्ष्मदर्शक:
दिवाळेकर, रावस म्हणजे सॅमन नव्हे. हॉटेलवाले मेनूत 'इंडियन सॅमन' छापतात तेवढंच नातं, कूळच वेगळं. ताई, सॅमन कोणता? मार्कर, म्हणजे डीएनएतल्या खुणा, कोणते? नमुने किती आणि कुठले?

ऐरोली_लोकल:
चिनूक जातीचा. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे), १२ लोकस, म्हणजे १२ जागा. सरांनी सरावासाठी बनवून दिलेली फाइल आहे, खरी नदी नाही. बाकी सगळं वर लिहिलंय.

सूक्ष्मदर्शक:
वर काहीही लिहिलेलं नाही.

पनवेल_तळी:
एवढं डोकं कशाला खाजवायचं? मी १४ वर्षं कोळंबी आणि जिताडा करतो. मासे कमी झाले की हॅचरी टाकायची, बीज सोडायचं, संख्या वर. हा प्रश्न पैशाने सुटतो.

निवांत_नेरुळ:
पनवेल, तिने संख्या कशी वाढवायची हे विचारलेलंच नाही.
ताई, तुमचं बहुधा काही चुकलेलं नाही. हेटेरोझायगॉसिटी माशांच्या मोजदादीबरोबर पडत नाही. दर पिढीला ती १ भागिले २ एन-ई इतक्या हिश्श्याने कमी होते. एन-ई म्हणजे इफेक्टिव्ह साइझ, ज्यांची जनुकं खरोखर पुढे जातात त्यांचा हिशेब. सॅमनमध्ये तो मोजदादीपेक्षा बराच लहान असतो, कारण काही जोड्यांची ढीगभर पिल्लं जगतात आणि बाकीच्यांची एकही नाही. तुमच्यासाठी अगदी वाईट धरून एन-ई ५० घेऊ. पिढीला १ टक्का घट. चिनूकची पिढी साधारण ४ वर्षांची, म्हणजे १२ वर्षांत पिढ्या तीनच. ०.७८ गुणिले ०.९९ चा घन, आलं ०.७५७. पडझड दिसायला वेळच कुठे मिळालाय?

ऐरोली_लोकल:
धन्यवाद!! पण मग माझं ०.७५७ सुद्धा नाही आलं, ०.७७ आलं. आणि सर विचारणार की मग काळजी कशाची.

निवांत_नेरुळ:
काळजी दुर्मीळ अलीलांची, म्हणजे एकाच जागेच्या क्वचित दिसणाऱ्या रूपांची. ते आधी जातात. समजा एखादा अलील २ टक्के आहे आणि पुढच्या पिढीला २५ मासेच जन्म देतायत. २५ माशांत ५० प्रती. तो एकाही प्रतीत नसण्याची शक्यता ०.९८ चा ५० वा घात, म्हणजे ३६ टक्के. त्याच एका फटक्यात हेटेरोझायगॉसिटी मात्र ९८ टक्के शाबूत. म्हणून अलील मोजा.

पनवेल_तळी:
माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलेलं नाही. अमेरिकेत पुष्कळ नद्यांत सॅमन हॅचरीवर जगतोय.

सूक्ष्मदर्शक:
देतो. दहा जोड्यांपासून लाखभर पिल्लं काढून नदीत सोडलीत तर मोजदाद फुगते आणि एन-ई बसतो, कारण पुढची अर्धी नदी त्या दहा जोड्यांचीच पिल्लं, एकमेकांची भावंडं. शिवाय ओरेगॉनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर (सॅमनच्याच कुळातला मासा) २००७ साली आलेलं काम बघा. पाळीव वातावरणात एकेक पिढी काढली की मोकळ्या नदीत वंश वाढवण्याची कुवत साधारण ४० टक्क्यांनी घसरते. कोळंबी तुम्ही विकता, तिला परत समुद्रात संसार थाटायचा नसतो.

पनवेल_तळी:
आणि रेडफिश लेकचं काय? आयडाहोत १९९२ साली तिथे एकच सॉकाय (सॅमनचीच एक जात) परत आला, तोही नर. समुद्रापासून साधारण १,४०० किलोमीटर, वाटेत ८ धरणं. लोकांनी त्याला लोन्सम लॅरी नाव ठेवलं. १९९१ ते १९९८ मध्ये मिळून १६ आले. टाक्यांमध्ये वंश चालवला म्हणून आज तिथे सॉकाय आहे. पुस्तकी लोकांनी हेही वाचावं.

सूक्ष्मदर्शक:
वाचलंय. तिथे कोणाचा जोडा कोणाशी लावायचा हे डीएनए बघून ठरवतात, भावंडं एकत्र येऊ देत नाहीत. 'बीज सोडायचं, संख्या वर' ते हे नव्हे. शेवटच्या १६ माशांसाठी केलेला इलाज चांगल्या चालत्या नदीवर कशाला लादायचा?

ठाणे_पश्चिम_काका:
कन्येने फिशरीज घेतलं आहे का? माझ्या भाच्याने बीएससीनंतर बँकेची परीक्षा दिली, आता सेटल आहे. विचार करावा.

ऐरोली_लोकल:
काका 🙏
अलील मोजले. जुन्यात लोकसला सरासरी १४, नव्यात ९. म्हणजे सापडलं ना? लिहून टाकू?

सूक्ष्मदर्शक:
थांबा. तिसऱ्यांदा विचारतोय, नमुने किती?

ऐरोली_लोकल:
जुने ९६, ते साठवलेल्या खवल्यांवरून. नवे २४. याने काय फरक पडतो?

सूक्ष्मदर्शक:
सगळा. तोच २ टक्केवाला अलील घ्या. ९६ माशांत तो नजरेतून सुटायची शक्यता २ टक्के. २४ माशांत ३८ टक्के. म्हणजे नदीत असूनही तुमच्या २४ मध्ये तो नसेल. १४ आणि ९ ची अशी सरळ तुलना चालतच नाही. रेअरिफॅक्शन करा, म्हणजे दोन्हीकडे सारख्याच संख्येचे मासे धरून अलील मोजा.

निवांत_नेरुळ:
+१, हे माझ्याकडून राहिलं. पण ०.७७ अजून खुपतंय. दोन्ही वेळचे नमुने एकाच जागेचे आहेत ना?

ऐरोली_लोकल:
एकाच नदीचे आहेत.

निवांत_नेरुळ:
नदी नाही, जागा. सॅमन ज्या ओढ्यात जन्मतो तिथेच वासाचा माग काढत परत येतो, त्यामुळे एकाच नदीच्या दोन उपनद्यांतले मासे वेगळ्या घराण्यांचे असतात. अलास्कात ब्रिस्टल बेच्या सॉकायची अशी शेकडो घराणी आहेत. २०१० साली 'नेचर'मध्ये हिशेब आला होता: ती सगळी एकाच साच्याची असती तर परतणाऱ्या माशांचे वर्षावर्षाचे चढउतार २.२ पट झाले असते आणि मासेमारी बंद ठेवायची पाळी १० पट वेळा आली असती. एकाला वर्ष वाईट गेलं की दुसरं तारून नेतं. आणि अशी घराणी तुम्ही एका पिशवीत भरलीत, तर हेटेरोझायगॉसिटीचा अपेक्षित आकडा, म्हणजे अलीलांच्या प्रमाणावरून काढलेला, फुगतो. निरीक्षित, म्हणजे माशांत प्रत्यक्ष दिसलेला, किती आला?

दिवाळेकर:
अवांतर, पण आमच्यातही निवट्या घणसोलीचा वेगळा आणि उरणचा वेगळा म्हणतात. चवीवरून ओळखतात.

ऐरोली_लोकल:
फाइल परत उघडली. ठिकाणाचा एक रकाना होता. लॅपटॉपवर मावत नव्हता म्हणून मी शुक्रवारीच हाइड केला होता 🤦
जुने ९६ सगळे वरच्या उपनदीतले. नव्यातले ११ तिथले, १३ नदीच्या मुखाजवळच्या जाळ्यातले. निरीक्षित ०.६६.

निवांत_नेरुळ:
अपेक्षित ०.७७, निरीक्षित ०.६६. दोन-तीन घराण्यांची खिचडी झालीये. १३ बाजूला काढा.

सूक्ष्मदर्शक:
सरांनी मुद्दाम पेरलेलं दिसतंय. तरी एकच नदी म्हणाल्यात तेव्हा विचारायला हवं होतं, माझीही चूक.

पनवेल_तळी:
मुखाजवळचे मासे हॅचरीतून सुटलेलेही असू शकतात. हॅचरीवाले पुष्कळदा पाठीवरचा बारका पर कापून सोडतात. फाइलमध्ये तशी नोंद आहे का बघा.

सूक्ष्मदर्शक:
हे मात्र बरोबर विचारलंत.

ऐरोली_लोकल:
तसा रकाना नाहीये. आता खरंच शोधला.
१३ काढले. ११ माशांवर ०.७५. एवढ्याशा ११ वर रेअरिफॅक्शन चालतं का? रात्रीचा एक वाजलाय, आई दोनदा येऊन दिवा बंद करून गेली.

निवांत_नेरुळ:
चालतं. जुने ९६ सुद्धा ११ च्या मापाने मोजायचे. स्लाइडवर '११' हा आकडा मोठ्या अक्षरात टाका, सरांनी विचारायच्या आधीच.